भेग बुजवू नका, पाया तपासा



वैशाखात आपली काळी जमीन कशी फाटते, हे खान्देशातल्या माणसाला सांगावे लागत नाही. भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. मृगाचा पाऊस पडला की तीच जमीन फुगते आणि भेगा मिटून जातात. काळ्या कातळाची झीज होऊन ही माती बनली. तिच्यातील बारीक चिकणमाती पाणी शोषून फुगते, वाळली की आकसते. कपाशीला ही माती आईसारखी, पण घराला मात्र ती दरवर्षी थोडे उचलते आणि थोडे खाली सोडते. एक कोपरा उचलला जातो, दुसरा तसाच राहतो. आपली जुनी लाकडी खांबांची, धाब्याची घरे असे हेलकावे थोडेफार सोसत. विटा-सिमेंटची भिंत वाकत नाही, ती तडकते.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. धर्मगुरुनिवासाच्या मागच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा गेला होता. नाताळ जवळ आला होता, पाहुणे येणार होते. आम्ही पुट्टी भरली, वर रंग दिला. जूनमध्ये तडा पुन्हा उघडला. पुढच्या नाताळला पुन्हा पुट्टी, पुन्हा रंग. तिसऱ्या वर्षी आपल्यातलेच एक वयस्कर गवंडीकाका आले. ते भिंतीकडे न बघता आधी बाहेर गेले. गच्चीचा पाइप थेट पायाशी पाणी सोडत होता आणि भिंतीला लागून एक कडुनिंब वाढला होता. काकांनी तड्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवली, बाजूला तारीख लिहिली आणि म्हणाले, "फादर, आता रंग नको. एक पावसाळा वाट पाहा." श्रावणात काच फुटली. "भिंत नाही हो फादर, पाया हलतोय," ते म्हणाले.

कार्यावरून कारणाकडे जावे, हे सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही पाठ केले होते. स्वतःच्या भिंतीपुढे मात्र तेच विसरलो. यहेज्केल संदेष्ट्याने १३ व्या अध्यायात अशाच लोकांना फटकारले आहे. ते कच्च्या भिंतीला वरून चुना फासत आणि सारे ठीक आहे म्हणत. पाऊस आला आणि भिंत पडली.

संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या ७ व्या अध्यायात प्रभू येशू दोन घरांचा दाखला देतो. दोन्ही घरांवर पाऊस तोच, पूर तोच, वारा तोच. म्हणजे श्रद्धावंताच्या घरावर पाऊस पडत नाही, असे प्रभू म्हणत नाही. फरक एवढाच, की एकाने वचन ऐकून तसे आचरण केले आणि दुसऱ्याने नुसते ऐकले. संत लूक आणखी एक गोष्ट सांगतो. शहाण्याने खोल खणले. आपल्याकडेही मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खणावे लागते. काळी माती फारच खोल असेल, तर साधारण साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल खांब उतरवतात, कारण तिथवर उन्हापावसाचा परिणाम फारसा पोहोचत नाही. हा खर्च कोणाला दिसत नाही. टाइल्स दिसतात.

घरभेटींत आम्हांला काय दिसते? दोन सख्खे भाऊ एकाच मिस्सेला येतात, वेगवेगळ्या बाकांवर बसतात. शांतीच्या अभिवादनाला त्यांचे हात पुढे होत नाहीत. एखादी बहीण गालावरचा वळ पदराने झाकते आणि "पडले फादर" म्हणते. घरधन्याची बाटली कपाटामागे असते. समोर पवित्र हृदयाची तसबीर, फुले, नवा रंग. आणि आम्हीही गृहाशीर्वादाचे पाणी शिंपडतो, चहा घेतो आणि काही न विचारता उठतो. ही आमचीही पुट्टीच आहे. त्याबद्दल आम्ही क्षमा मागतो.

मग दुरुस्ती कशी करावी? काकांनी आधी पाइप वळवला आणि भिंतीभोवती बाहेर उतार दिला. घरातही आधी हेच करायचे. मुळाशी झिरपणारे पाणी, मग ती दारू असो, कर्ज असो की चुगली असो, आधी थांबवायचे. नंतर पाया खणला, पण सलग नाही. चार फूट खणायचे, मुरमापर्यंत जायचे, काँक्रीट भरायचे, ते मुरू द्यायचे, मग पुढचा तुकडा घ्यायचा. एकदम सगळे उकरले तर भिंत अंगावर येते. नात्यांचेही तसेच आहे. वीस वर्षांचा हिशेब एका रात्री मांडू नका. आज एक गोष्ट बोला, एका गोष्टीची क्षमा मागा.

काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याबरोबर मुरून घट्ट होते. म्हणून निदान सात दिवस, आपल्या उन्हात दहा दिवस, गोणपाट टाकून पाणी मारायचे. त्याची ताकद मोजतात ती २८ दिवसांनी. लग्नाचा किंवा दृढीकरणाचा सोहळा म्हणजे स्लॅब टाकण्याचा दिवस. दुसऱ्या दिवसापासून पाणी कोण मारते? रोजची कौटुंबिक प्रार्थना हेच ते पाणी.

आपल्यापैकी बरेच जण बांधकामावर आहेत. त्यांना एक सांगणे. काम सोपे व्हावे म्हणून कालवणात जास्त पाणी ओतू नका. पन्नास किलोच्या गोणीला साधारण २५ लिटर पुरे. जास्तीचे पाणी उडून जाते आणि आत पोकळ्या ठेवते. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शीळफाट्याला एक बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ जीव गेले. गोणीतले चोरलेले सिमेंट म्हणजे कोणाच्या तरी लेकराच्या डोक्यावरचे छप्पर. मालकांनीही लक्षात ठेवावे, की मजुराची अडवलेली मजुरी देवाकडे ओरडते, असे संत याकोब सांगतो.

उंच बांधायचे असेल तर आधी नम्रतेचा पाया खणा, असे संत अगस्तीन शिकवीत असे. आपला पाया येशू ख्रिस्तच, असे संत पौलाने करिंथकरांना लिहिले.

या आठवड्यात आपल्या घरातल्या एका भेगेवर काचेची पट्टी लावा, म्हणजे ती खरीखुरी पाहा. शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेआधी आम्ही पापनिवेदनासाठी बसू. आणि पुढच्या गृहभेटीत आम्ही विचारू. रागावू नका.

हे प्रभो, आमच्या घरांच्या भिंती तू रोज पाहतोस. आम्हांला खोल खणण्याचे धैर्य दे. आमेन.