पाणी थांबायची वेळ

पहाटे साडेपाचच्या सुमारास बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नांगराची साखळी एकदा करकरते आणि जाग येते. मी वर डेकवर येते. दवाने लाकूड ओलं झालेलं असतं, तळपाय गारठतात. चहाच्या आधी एक काम असतं. किनाऱ्यावर एक वाकडं आर्ब्यूटसचं झाड आहे, लालसर साल सोललेलं, आणि त्याच्या मागे एक उभा खडक. काल संध्याकाळी नांगर टाकला तेव्हा दोन्ही एका रेषेत होते. आजही तसेच दिसले, म्हणजे नांगराने रात्रभर तळ धरून ठेवला आहे. मग खाली जाऊन आधण ठेवायचं.

गेला आठवडाभर मी लेक-जावयाच्या शिडाच्या बोटीवर राहते आहे. बोट बत्तीस फुटांची. कॅनडाचा पश्चिम किनारा आणि व्हँकुव्हर बेट यांच्यामध्ये गल्फ आयलंड्स नावाची बेटं विखुरलेली आहेत, त्यांतून आमची फेरी चालली आहे. कालचा मुक्काम डी कोर्सी बेटाच्या पायरेट्स कोव्हमध्ये. इथे जागा इतकी चिंचोळी की पुढून नांगर टाकायचा आणि मागून दोर नेऊन खडकातल्या कडीला बांधायचा.

माझं बालपण अलिबागचं. आजोबांना भरतीची वेळ विचारली की ते तिथी बघत आणि तिची पाऊणपट करून सांगत. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. मग सकाळी नऊच्या आसपास सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, तेव्हा समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात पायी जाता येईल. तो हिशोब इतका पक्का बसे की समुद्र सगळीकडे तिथीच पाळतो असं मला वाटायचं. इथे आल्यावर पहिल्या दिवशी मी पाऊणपट करून पाहिली. जुळेना. इथे दिवसातल्या दोन भरत्या एकसारख्या नसतात, दोन ओहोट्याही नसतात. एक खोल जाते, दुसरी अर्ध्यावर थांबते. उन्हाळ्यात मोठी ओहोटी दिवसा येते आणि हिवाळ्यात रात्री. चंद्र तोच आहे, पण पाण्याला इथे सामुद्रधुन्यांतून आणि बेटांच्या गल्ल्यांतून वाट काढत यावं लागतं. आजोबांचं गणित बरोबरच होतं. ते अलिबागच्या पाण्याचं होतं, एवढंच.

म्हणून बोटीवर रोज नवा हिशोब मांडावा लागतो. काल लेकीने तो माझ्याकडून करवून घेतला. खोलीमापकावर पाणी पाच मीटर. भरती-ओहोटीचं कोष्टक म्हणतं, रात्री अजून तीन मीटर चढणार. झाले आठ. पाण्यापासून नाळेपर्यंतची उंची एक मीटर धरली की नऊ. त्याच्या पाचपट साखळी सोडायची, पंचेचाळीस मीटर. पण एवढ्यावर सुटका नाही. "आई, आता उलटं कर," ती म्हणाली. पाणी उतरेल तेव्हा तळाशी किती उरेल? बोटीचं पोट पाण्याखाली पावणेदोन मीटर असतं, तेवढं तरी हवंच, आणि वर थोडं हाताशी. भरती आणि ओहोटी दोन्ही डोक्यात धरल्याशिवाय इथे झोपायला जाता येत नाही. शाळेत केलेल्या कुठल्याच गणिताने मला रात्री इतकी शांत झोप दिली नव्हती.

पाण्याचा दुसरा हिशोब गोड्या पाण्याचा. टाकी दोनशे लिटरची, माणसं तीन. नळ पायाने दाबून चालवायचा, त्यामुळे प्रत्येक घोट पायाला कळतो. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि शेवटी गोड्या पाण्यातून काढायची. समुद्रात डुंबून आलं की अंगावर एक तांब्या. कुकर मात्र इथला राजा आहे: कमी गॅस, कमी पाणी, आणि लाटेवर शेगडी तिच्या कड्यांवर झुलत असली तरी झाकण घट्ट.

परवा गॅलियानो बेटाच्या मॉन्टेग्यू हार्बरला होतो. तिथला किनारा पांढराशुभ्र आहे. जवळ जाऊन मूठभर उचललं, तर वाळू कमी आणि शिंपल्यांचा चुरा जास्त. इथल्या कोस्ट सॅलिश लोकांनी हजारो वर्षं शिंपले खाल्ले, त्या टरफलांचे थर आहेत हे. आमच्याकडच्या तिसऱ्यांची आठवण झाली. हे लोक ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर दगडांचे बांध घालून शिंपल्यांची शेतीच करत. पाणी उतरेल त्या वेळात बांध रचायचा, पाणी चढलं की घरी जायचं. पिढ्यान् पिढ्या पाण्याची वेळ सांभाळून केलेलं ते काम माझ्या तळहातावर होतं. मी तो चुरा होता तिथेच ठेवला.

बोटीच्या फळीवर एम. वायली ब्लँचेट यांचं 'द कर्व्ह ऑफ टाइम' हे 1961 सालचं पुस्तक आहे. पतीच्या मागे ही बाई पाच मुलांना घेऊन उन्हाळ्यात याच किनाऱ्यावर फिरत असे, पंचवीस फुटांच्या बोटीतून. काल दिव्याखाली त्याची काही पानं वाचली आणि त्या आईचा मला फार आदर वाटला. तीही हीच कोष्टकं उघडून बसत असणार.

आता मुख्य गोष्ट सांगते. इथून उत्तरेला नानायमो शहराकडे जायचं तर डॉड नॅरोज या अरुंद वाटेतून जावं लागतं. भर ओहोटी-भरतीत तिथे पाणी आठ-नऊ नॉट वेगाने धावतं. आमची बोट इंजिनावर पाच-सहा नॉट. म्हणजे चुकीच्या वेळी शिरलात तर पुढे जाण्याऐवजी मागे. भरती आणि ओहोटीच्या मधल्या ज्या थोड्या मिनिटांत पाणी थांबतं, तेवढीच वाट उघडी.

येताना आम्ही तिथे चाळीस मिनिटं आधी पोचलो होतो. दुरून मला सगळं शांत दिसलं. मी म्हटलं, जाऊ या की. जावई म्हणाले, "आई, जरा थांबू या." त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. वाटेच्या तोंडाशी एक ओंडका होता, माणसाहून लांब. तो जागच्या जागी एक गिरकी घेई, नाक खाली करून पाण्यात जाई आणि भलतीकडेच वर येई. मी दुर्बीण खाली ठेवली. आमच्या शेजारी ओंडक्यांचा भला मोठा तराफा ओढणारी एक टगबोट उभी होती. केवढं तिचं इंजिन, पण तीही थांबली होती. मग पाण्यावरच्या रेघा विरल्या, तो ओंडका आडवा पडून राहिला, आणि एकामागून एक सगळे निघाले. कुणी कुणाला मागे टाकलं नाही.

ते पाहताना मला अलिबाग आठवलं. तिथे दर सुट्टीत कुणी ना कुणी कुलाबा किल्ल्यात अडकतं. पाणी चढतं आणि परतीची वाट बुडते. समोर किनारा दिसतो, म्हणून माणसं वेळ विचारत नाहीत. तुम्ही जाल तेव्हा आधी किनाऱ्यावरच्या कोळ्याला सुकतीची वेळ विचारा, आणि तो सांगेल तेव्हाच परत फिरा.

चहा झाला. लेक कोष्टक घेऊन वर आली आहे. डॉडचं पाणी आज दहा वाजून वीस मिनिटांनी थांबणार. इथून तासाभराची वाट. नऊला नांगर उचलायचा.