किती उरली आहे

आज यादीत एक रिकॅन होतं. सिझरचा ट्रे मी आता बोलता बोलता लावते, पण रिकॅनचा लावताना इतक्या वर्षांनंतरही गप्प होते. ओटीत आम्ही रिकॅन म्हणतो. बायका म्हणतात, नस जोडायचं ऑपरेशन. कुटुंबनियोजनात बांधून कापलेली गर्भनलिका पुन्हा जोडायची.

ट्रेमध्ये तशा थोड्याच वस्तू असतात. दोन टोकदार चिमटे, त्यांचं नावच ज्वेलर्स फोर्सेप्स, कारण ते मुळात सोनार आणि घड्याळजींच्या टेबलावरचे. पेनासारखा धरायचा स्प्रिंगचा नीडल होल्डर. इवलीशी कात्री. रक्त थांबवायचा, अगदी बारीक टोकाचा बायपोलर. सिरिंजमध्ये हेपॅरिन मिसळलेलं रिंगर लॅक्टेट, कारण नळी पूर्ण वेळ ओली राहिली पाहिजे. कोरड्या गॉजने पुसली तर वरचं आवरण खरवडतं आणि पुढे तिथेच आतडं नाहीतर चरबीचा पडदा चिकटतो. ग्लोव्ह्जवर पावडरही चालत नाही. आणि दोरा एट-झिरो. त्याची जाडी ०.०५ मिलिमीटरहून कमी, म्हणजे केसाहून बारीक. हिरव्या कापडावर पडला तर तो बोटांना लागत नाही. वाकून, दिव्याच्या उजेडात तिरकं बघावं लागतं.

टेबलावर होती ती २९ वर्षांची. दुसऱ्या मुलानंतर ऑपरेशन करून घेतलेलं. गेल्या उन्हाळ्यात दोन्ही मुलं शेततळ्यात गेली. त्या तळ्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. एकदा पाय घसरला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. हे तिनेच सांगितलं, काल वॉर्डात, माझ्याकडे न बघता. भूल पाठीतून दिलेली, म्हणून आज ती जागी होती.

पोट उघडल्यावर ऑपरेशन करणाऱ्या मॅडमनी आधी नळ्या पाहिल्या आणि मोजपट्टी मागितली. ऑपरेशन व्हायच्या आधीची नळी साधारण १० ते १२ सेंटिमीटर असते. जोडल्यावर निदान चार सेंटिमीटर तरी हातात राहावी, असं धरतात. डावीकडे कापणाऱ्याने गर्भाशयाजवळच्या अरुंद भागात लहानसा वेढा घेऊन तेवढाच काढला होता. दोन्ही बाजूंची नळी एकाच जाडीची, जोडायला याहून चांगली जागा नाही. उजवीकडे वेढा पार टोकाला घेतलेला. नळीच्या टोकाला झालर असते, अंडं तीच उचलून घेते. ती झालरच कापून गेली होती. मॅडम काही बोलल्या नाहीत. उजवी बाजू ओल्या गॉजने झाकली आणि डावीकडे वळल्या.

पुढचा पाऊण तास मायक्रोस्कोप आणि त्यांचे श्वास, एवढंच. बुजलेली टोकं पातळ काप घेत घेत मागे सारायची, आतलं ताजं अस्तर दिसेपर्यंत. तिथलं भोक जेमतेम मिलिमीटरभर, बऱ्याचदा त्याहूनही कमी. मग खालच्या पडद्याला एक टाका, म्हणजे दोन्ही टोकं ओढाताण न होता समोरासमोर येतात. मग घड्याळातल्या सहाच्या जागी पहिला टाका, नंतर तीन आणि नऊ, शेवटी बारा. दोरा स्नायूतून जायचा, अस्तरात शिरायचा नाही. गाठ बाहेरच्या अंगाला. मायक्रोस्कोपखाली हे काम नीट साधतं हे १९७७ साली लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधून रॉबर्ट विन्स्टन आणि व्हँकुव्हरहून व्हिक्टर गोमेल यांनी प्रसिद्ध केलं. त्याआधीही जोडायचे, पण नुसत्या डोळ्यांनी आणि जाड दोऱ्याने, आणि यशही तसंच बेताचं मिळायचं.

शेवटी शिरोडकर क्लॅम्प. गोव्यातल्या शिरोड्यात जन्मलेले आणि मुंबईत नावारूपाला आलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर गर्भाशयाच्या तोंडाला घालायच्या टाक्यासाठी जगभर ओळखले जातात, पण नळ्यांच्या शस्त्रक्रियेतही त्यांनी बरंच काम केलं. त्यांच्या क्लॅम्पने गर्भाशयाचं तोंड दाबून धरायचं आणि वरून सुईने गर्भाशयात मिथिलीन ब्लू सोडायचं. खाली वाट नाही, म्हणजे ते नळीत जाणार. मी बघत होते. जोडाशी ते क्षणभर थांबलं आणि मग झालरीतून निळा थेंब आला. टाक्यांमधून गळलं नाही.

‘सिस्टर, दोन्हीकडची झाली?’ तिने पडद्याच्या पलीकडून विचारलं.

‘डावीकडची छान झाली,’ मी म्हणाले. पुढे तिने विचारलं नाही.

मला दिवसभर ती उजवी बाजू दिसते आहे. ती कुठे कापली गेली, कोणत्या घाईत, बाहेर किती जणी रांगेत होत्या, काही कळायला मार्ग नाही. आजच्या पाऊण तासाचं श्रेय मॅडमचं, पण त्यांना काय करता येईल हे काही वर्षांपूर्वीच ठरलं होतं, दुसऱ्या कुणाच्या तरी पाच मिनिटांत. जोडणाऱ्याला उरलेलंच मिळतं. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मुलं गमावलेल्या, ऑपरेशन झालेल्या आयांसाठी सरकारने हीच शस्त्रक्रिया मोफत केली. तिथेही टेबलावर आधी हेच बघावं लागलं असणार, किती उरली आहे.

वय कमी, लांबी पुरेशी आणि हात चांगला असेल तर निम्म्याहून अधिक जणींना दिवस राहतात. राहिले की लगेच सोनोग्राफी, कारण गर्भ नळीतच अडकण्याची भीती या ऑपरेशननंतर जास्त असते. हे सगळं मी तिला उद्या राउंडनंतर नीट बसून सांगणार आहे. उजवीकडचंही सांगणार आहे.

उद्याच्या यादीत कुटुंबनियोजनाची तीन ऑपरेशनं आहेत. त्यांचा ट्रे आत्ताच लावून आले: बॅबकॉक चिमटा, कॅटगट, साधी कात्री. करणार आहेत नवे रेसिडेंट डॉक्टर. नळी झालरीपर्यंत बघून बॅबकॉकमध्ये धरली की मी त्यांना विचारीन, ‘डॉक्टर, केवढा वेढा घेताय?’ सिस्टरने असं विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. तरी विचारणार आहे.