ज्याचा त्याचा विसावा

दिवसभर कचेरीतल्या तगाद्यांनी शिणलेला एखादा कारकून सायंकाळी घरी परतल्यावर, कोणाशी फारसे न बोलता, ओसरीवर अडकित्ता घेऊन सुपारी कातरू लागतो, आणि सुपारीची कातरण जसजशी बारीक होत जाते तसतशी त्याच्या कपाळावरची आठी विरत जाते, हे आपण पाहिले असेल. सुपारी खाणारे घरात कोणी नसले तरी चालते! ज्याचा त्याचा विसावा निराळा.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख संस्कृत काव्यात रमत. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत अनुवाद केला. हाच उद्योग दुसऱ्या कोणास शिक्षा वाटला असता. ज्याचा त्याचा विसावा निराळा.

अशा विसाव्याच्या घटकेचा दुसऱ्याकडून हिशेब मागण्याची आपली खोड मात्र चमत्कारिक आहे. यजमानांचे वर्तमानपत्र ही विश्रांती ठरते. आणि गृहिणी अंगणात रांगोळीचे ठिपके जोडीत किंचित रेंगाळली, की तो रिकामटेकडेपणा! बंधूंनो, आज तिला हाक मारू नका. रांगोळी पुरी होऊ द्या. चहाचे आधण आपणच ठेवावे.