पावती नावावर, ताबा कुणाचा?

उधना-जळगाव रेल्वेमार्गावर, नवापूर आणि नंदुरबारच्या मधे खांडबारा आहे. अशा गावांत बहुतेकांच्या घरी टेबलावरचा संगणक कधी आलाच नाही, थेट मोबाइल आला. पीएम किसानची केवायसी, मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, गुजरातेत कामाला गेलेल्या माणसाने पाठवलेले पैसे, सगळं त्याच एका यंत्रावर चालतं. याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. आज त्या आधारने ओळख पटवायची तर अनेकदा ओटीपी लागतो, आणि तो फोनवर येतो. इतकं सगळं ज्या यंत्रावर अवलंबून आहे, त्यात शेवटचा शब्द कुणाचा, हा प्रश्न आता हौशी तंत्रज्ञांपुरता राहिलेला नाही.

अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स आहे. एका ॲपने दुसऱ्याच्या माहितीत हात घालू नये म्हणून प्रत्येक ॲपला तिथे स्वतंत्र वापरकर्ता क्रमांक मिळतो. या सगळ्यांच्या वर शून्य क्रमांकाचा वापरकर्ता असतो, रूट. त्याला कुठलीही फाइल वाचता येते, बदलता येते, पुसता येते. फोन विकत घेणाऱ्याला मात्र हा अधिकार मिळत नाही. तो मिळवायचा तर आधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना कुठलं सॉफ्टवेअर चालू द्यायचं ते ठरवणारा भाग, उघडावा लागतो, आणि तसं करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. मग मॅजिस्कसारखं साधन बसवावं लागतं. जॉन वू याने ते २०१६ मध्ये तयार केलं. काही कंपन्या बूटलोडर उघडण्याआधी कित्येक दिवस थांबायला लावतात, काही उघडूच देत नाहीत. सॅमसंगच्या अनेक फोनांत परकं सॉफ्टवेअर चढवलं की आतला एक फ्यूज कायमचा जळतो. नंतर कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर परत घातलं तरी ती नोंद मिटत नाही.

वस्तू एकाच्या हातात आणि हक्क दुसऱ्याकडे, ही गोष्ट खांडबाऱ्याला नवी नाही. ते ज्यात आहे तो नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन कागदोपत्री वनखात्याची असणं म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. २००६ चा वनहक्क कायदा येईपर्यंत कसणाराच अतिक्रमणदार ठरत होता. तिथे कब्जा होता आणि कागद नव्हता. फोनच्या बाबतीत उलटं आहे: पावती आपल्या नावावर असते, हप्तेही आपणच फेडतो, पण कुठलं ॲप ठेवायचं आणि कुठलं काढायचं याचा निर्णय पुष्कळदा दुसरीकडेच झालेला असतो.

कायदा इथे मालकाच्या बाजूने वाचता येतो, असं माझं मत आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ संगणकाच्या मालकाच्या किंवा तो ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीशिवाय केलेल्या हस्तक्षेपाबद्दल आहे. स्वतःच्या फोनवर मालक परवानगी मागणार कुणाकडे? कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेलं कलम ६५अ तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगतं, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. तरीही व्यवहारात पारडं कंपन्यांकडेच झुकतं. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि आधीपासून बसवलेली गूगलची ॲप्स वापरणाऱ्याला काढू द्यावीत, असंही बजावलं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण नेमका हा निर्देश रद्द केला. माझ्या दृष्टीने दंडाच्या रकमेपेक्षा तो निर्देश मोलाचा होता.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर खोट्या एपीके फाइली, म्हणजे ॲप बसवणाऱ्या फाइली, फिरतात. त्या उघडून लोकांची खाती रिकामी झाली आहेत. रूट केलेल्या फोनवर अशा फाइलीला चुकून परवानगी दिली, तर तिला अडवणारं फारसं काही उरत नाही. बूटलोडरचं कुलूप चोरीला गेलेल्या फोनमधली माहितीही राखतं. म्हणून खांडबाऱ्यातल्या कुणालाही ‘उद्या फोन रूट करा’ असं मी सांगणार नाही. फोन विकताना कुलूप लावलेलंच असावं. माझा आक्षेप किल्ली मालकाला न देण्याला आहे.

बँकांची ॲप्स रूट केलेला फोन दिसला की पुष्कळदा बंद पडतात. त्यांची भीती समजते, पण मोजमाप चुकतं. कंपनीने ज्याचे सुरक्षा अपडेट कधीच थांबवले, असा जुना फोन बहुतेक ठिकाणी बिनबोभाट चालतो. त्याच फोनवर कुणी लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली मुक्त प्रणाली घालून ताजे सुरक्षा अपडेट घेतले, तर तो मात्र संशयित ठरतो. ही तपासणी फोन किती सुरक्षित आहे याची कमी आणि तो कंपनीच्या आज्ञेत आहे की नाही याचीच जास्त होते. नवा फोन घेणं ज्याला परवडत नाही, त्याला याची झळ सर्वांत आधी लागते.

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. दोन जीबी रॅमचे ते फोन सारखे हँग होत, दुरुस्तीचा खर्च अंगावर पडे, आणि नोंदी भरायचं ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप इंग्रजीत होतं. फोन सरकारी, म्हणून त्यांच्या मालकीचा प्रश्न नव्हता, हे खरं. पण यंत्र कसं चालावं याबद्दल बोलण्याची कुठलीच वाट नसली, की ते परत करणं एवढंच हाती उरतं. त्या निदान संघटित होत्या. कंपनीने वाऱ्यावर सोडलेला फोन एकट्या ग्राहकाने कुठे नेऊन द्यायचा?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. या हक्कात सुटे भाग आणि बॅटरीबरोबर बूटलोडरही यायला हवा. सुरक्षा अपडेट थांबवणाऱ्या कंपनीने त्याच दिवशी त्या फोनचा बूटलोडर उघडण्याची सोय मोफत द्यावी आणि ती कशी वापरायची हे मराठीसह भारतीय भाषांत लिहून द्यावं. आधी उघडायचा असेल तर धोक्याची स्पष्ट सूचना आणि वाटल्यास काही दिवसांची मुदत असावी, पण नकार नसावा. आणि मालकाने उघडलेल्या फोनवर निदान लहान रकमेचे व्यवहार चालू ठेवण्याचं बंधन बँकांवर घालावं.