बंगालचा हिशेब

सामान्य माणसं मेली याचं वाईट वाटतं, पण दुसरा इलाज नव्हता. माहूजमध्ये राहणाऱ्याला हे वाक्य वेगवेगळ्या उच्चारांत ऐकायला मिळतं. बहारीनची राजधानी मनामाच्या या वस्तीत मल्याळी, पाकिस्तानी, बांगलादेशी, फिलिपिनो आणि मराठी बिऱ्हाडं एकाच जिन्यावर नांदतात आणि जुफैरचा अमेरिकी नौदलतळ गाडीने काही मिनिटांवर आहे. जून २०२५ मध्ये इराणने कतारच्या अल उदैद तळावर क्षेपणास्त्रं सोडली, तेव्हा बहारीननेही आपली हवाई हद्द बंद केली. त्या दिवसांत कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमध्ये खुबूस रोटी घ्यायला गेलं तरी वाद कानावर यायचा. कुठल्या शहरातले मेलेले निष्पाप आणि कुठल्या शहरातले नाइलाजाचे, हे बोलणाऱ्याचा पासपोर्ट पाहून आधीच सांगता आलं असतं.

हा नाइलाज एका दिवसात जन्मला नाही. १ सप्टेंबर १९३९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी लढणाऱ्या देशांना आवाहन केलं, की नागरी वस्त्यांवर बॉम्ब टाकू नका. ब्रिटनने ते मान्य केलं. पुढच्याच वर्षी, १९ ऑक्टोबरला, इटलीची विमानं थेट ऱ्होड्स बेटावरून बहारीनवर आली. त्यांना हवा होता तेलशुद्धीकरण कारखाना. नुकसान किरकोळ झालं. निशाणा कारखाना, ही मर्यादा तोंडाने तरी पाळली जात होती. १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने ब्रिटिश विमानदलापुढे शत्रूच्या नागरिकांचं, विशेषतः कामगारांचं, मनोधैर्य खच्ची करण्याचं उद्दिष्ट ठेवलं. म्हणजे कारखान्याऐवजी कामगाराचं घर. तीन वर्षांनी ड्रेस्डेनमध्ये सुमारे २५,००० माणसं गेली आणि मार्च १९४५ च्या एका रात्रीत टोकियोत सुमारे १ लाख. हिरोशिमा त्यानंतरचं.

अणुबॉम्बचं समर्थन मागाहून आलं. फेब्रुवारी १९४७ मध्ये अमेरिकेचे माजी युद्धमंत्री स्टिम्सन यांनी ‘हार्पर्स’ मासिकात लिहिलं, की जपानवर चढाई करावी लागली असती तर एकट्या अमेरिकी फौजेचेच दहा लाखांवर सैनिक मेले किंवा जखमी झाले असते. या जमाखर्चात न मेलेली माणसं जमेला आणि मेलेली खर्चाला. न घडलेल्या लढाईतला आकडा कोण तपासणार? १९५६ मध्ये ऑक्सफर्डने अणुबॉम्बचा आदेश देणारे माजी अध्यक्ष ट्रूमन यांना मानद पदवी द्यायचं ठरवलं, तेव्हा एलिझाबेथ अ‍ॅन्सकोम या तत्त्वज्ञ बाईंनी उघड विरोध केला. निरपराधांना मारणं हेच साधन म्हणून निवडलं तर तो खूनच, असं त्यांचं म्हणणं. पदवी दिली गेलीच.

संतापाचंही तसंच. १६ मार्च १९८८ रोजी सद्दामच्या फौजेने हलबजात विषारी वायू सोडला, सुमारे ५,००० कुर्द मेले. तेव्हा सद्दाम इराणशी लढत होता, म्हणून उपयोगाचा होता. मोठ्या राजधान्यांचा निषेध गुळमुळीत राहिला. १९९० मध्ये त्याने कुवेत गिळला आणि तेच हलबजा त्याच्या क्रौर्याचा पुरावा म्हणून भाषणाभाषणांत येऊ लागलं. मग १३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकी बॉम्बने बगदादच्या अमिरिया निवाऱ्यात ४०० हून अधिक नागरिक जाळले. ते लष्करी नियंत्रण केंद्र होतं, असा खुलासा आला. हेतूने फरक पडतो, हे मला मान्य आहे. मुद्दाम सोडलेला वायू आणि चुकीच्या माहितीवर टाकलेला बॉम्ब एका मापाने मोजू नयेत. पण हेतूची ही सवलत आपण नेमकी कुणाला देतो?

हा प्रश्न माझ्यावर उलटवला तो माहूजमधल्या एका बांगलादेशी शेजाऱ्याने. मी मराठी, हे कळल्यावर तो हसत म्हणाला, ‘अच्छा, बर्गी!’ लहानपणी त्याला ज्यांचं नाव घेऊन झोपवत, ते आपले बारगीर. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून जवळपास दहा वर्षं बंगालवर जात राहिल्या. कारण चौथाईचं. या फौजांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना बंगालचा नबाब अलिवर्दीखान याने १७४४ मध्ये भेटीला बोलावून दग्याने मारलं, यावर मराठी माणूस आजही तावातावाने बोलतो. पानिपतावर तर बोलतोच. चौथाई मागणं हा राज्याचा हक्क होता असं धरलं, तरी नबाबाने ती थकवली म्हणून कुणब्याचं घर का जळावं, हे मात्र आपण विचारत नाही. चौथाई आणि बंगालमधली घोडदौड यांवरच आपली गोष्ट संपते.

गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच काळात ‘महाराष्ट्र पुराण’ रचलं. त्याची मांडणी विलक्षण आहे. पृथ्वीवर पाप माजलं, म्हणून शिव नंदीला शाहूराजाकडे धाडतो. मराठे येतात ते पाप्यांना शासन करायला. म्हणजे स्वारीचं समर्थन कवी स्वतःच देऊन टाकतो. मग गावं जळतात, ब्राह्मण, वैष्णव आणि बायका हाती सापडतात, आणि शेवटी देवीच मराठ्यांवर उलटते. उद्दिष्ट पवित्र असूनही करणी पाहून कौल फिरवणारी ही देवी मला स्टिम्सन यांच्यापेक्षा सरळ वाटते.

एडवर्ड डिमॉक आणि प्रतुलचंद्र गुप्त यांनी १९६५ मध्ये हे छोटं काव्य इंग्रजीत आणलं. गाझा, युक्रेन किंवा आणखी कुठल्या शहरावर ठाम मत देण्याआधी मराठी वाचकाने ते एकदा वाचावं.