पंक्तिप्रपंच

आपल्या भाषेत अन्यायाला पुष्कळ नावे आहेत. परंतु घरातल्या अन्यायाचे नाव तिने जेवणाच्या पंगतीतून उचलले आहे. एकाच पंगतीला बसलेल्या दोघांपैकी एकाच्या पानात तुपाची धार सढळ हाताने सोडावयाची आणि दुसऱ्याच्या पानावरून तुपाचे भांडे नुसते फिरवून न्यावयाचे, याला पंक्तिप्रपंच म्हणतात. हा शब्द ज्यांनी घडविला त्यांना मनुष्यस्वभावाची चांगलीच पारख असली पाहिजे. भुकेचे दुःख पोट भरताच विसरते. शेजारच्या पानाकडे पाहून झालेले दुःख माणसे म्हातारपणापर्यंत जपून ठेवतात. थोरल्या भावाला शिक्षणासाठी मुंबईस पाठविले आणि मला मात्र गावच्या शाळेत ठेवले, ही तक्रार सत्तर वर्षांच्या गृहस्थाच्या तोंडून कालपरवा घडल्यासारखी ऐकावयास मिळते.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो : जेथे सारी एकमेकांची माणसे आहेत आणि देणाऱ्याच्या मनात कपट नाही, त्या घरात न्यायाला काही काम उरते काय? आणि उरत असेल, तर तो न्याय कोणत्या मापाने मोजावयाचा?

आजचे मध्यमवर्गीय घर पाहिले तर प्रथमदर्शनी असे वाटते, की हा प्रश्न आता जुना झाला. पूर्वीच्या घरात मुले सहासात, दूध मोजके आणि नवे कापड वर्षातून एकदा; तेव्हा वाटणीवरून तंटे होणे स्वाभाविकच होते. आज मुले एक किंवा दोन, आणि दुधातुपाला पूर्वीसारखा तोटा नाही. परंतु वाटणीचा प्रश्न मिटलेला नाही. वाटावयाची वस्तू तेवढी बदलली आहे. आता टंचाई आहे ती वेळेची, आणि त्याहूनही अधिक मनाच्या स्वस्थतेची. सकाळी सहापासून आठपर्यंतचा काळ कोणत्याही नोकरदार घरात पाहावा. एकीकडे कुकरच्या शिट्ट्या चालल्या आहेत, डबे भरले जात आहेत, धाकटीचा एक मोजा सापडत नाही, थोरल्याला शाळेत न्यावयाच्या कार्डबोर्डाची आठवण नेमकी याच क्षणी झाली आहे, आणि खाली रिक्षावाले काका भोंगा वाजवीत आहेत. त्या दोन तासांत आईबापांजवळ जेवढे लक्ष असते तेवढे सारे खर्ची पडते. आणि ते कोणाच्या वाट्याला किती आले याचा हिशेब दोन लहान डोळ्यांच्या जोड्या अत्यंत बारकाईने ठेवीत असतात.

संध्याकाळी हाच प्रकार पुन्हा घडतो. धाकटीला ताप भरला आहे आणि थोरल्याचे स्नेहसंमेलनातले नाटक त्याच दिवशी आहे. आई डॉक्टरांकडे जाते, वडील कचेरीतून वेळेवर सुटत नाहीत, आणि नाटकातला तो छोटा शिपाई पडद्याच्या फटीतून प्रेक्षकांत ओळखीचा चेहरा शोधतो. यात अपराध कोणाचाच नाही. तरीही काहीतरी देणे राहून गेले आहे, हे घरातल्या प्रत्येकाला कळते.

अशा प्रसंगी मूल जे वाक्य बोलते ते सर्व घरांतून सारखेच असते : ‘तिला नेहमी जास्त, मला नेहमी कमी.’ यावर वडीलधाऱ्यांची दोन उत्तरे ठरलेली आहेत. पहिले उत्तर गणिताचे आहे. पेढ्याचे दोन तुकडे करावयाचे, बोटाने मापावयाचे, एकाला पेन आणले की दुसऱ्यालाही पेनच आणावयाचे, मग त्याला त्याची गरज असो वा नसो. ही समता दिसावयास निर्दोष असली तरी तिने प्रश्न सुटत नाही. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या पाचव्या पुस्तकात म्हटले आहे, की समानांना असमान दिल्याने जशी भांडणे होतात, तशीच असमानांना समान दिल्यानेही होतात. तापलेले मूल आणि धडधाकट मूल यांच्यात संध्याकाळ काट्यावर तोलून वाटणारा बाप न्यायी ठरणार नाही. त्याला फार तर तराजूची उपमा शोभेल.

दुसरे उत्तर समजुतीचे आहे : ‘तू मोठा ना? तू समजूतदार आहेस, सोडून दे.’ हे उत्तर पहिल्याहून गोड आणि म्हणूनच अधिक घातक आहे. घरातल्या धावपळीत जे मूल रडते त्याचे काम आधी होते, आणि जे गप्प राहते त्याचे काम मागे पडते. गप्प राहिल्याबद्दल त्याला ‘समजूतदार’ ही पदवी मिळते आणि पदवी मिळाली की पुढच्या वेळी त्याचाच वाटा कमी करणे सोपे जाते. म्हणजे सद्गुणावरच कर बसविला जातो. महाविद्यालयात दीर्घकाळ शिकविताना मला असे विद्यार्थी वर्गावर्गातून दिसत आले आहेत. हुशार, सौम्य, कोणाला त्रास न देणारे. परंतु शंका विचारण्यास हात वर करावयाचा झाला तरी आपण दुसऱ्याचा वेळ घेत आहोत असे वाटणारे. त्या सर्वांचे बालपण असेच गेले असेल असे मी म्हणणार नाही. परंतु आपला वाटा मागणे म्हणजे अपराध, हा धडा माणूस बहुधा फार लहानपणी शिकतो.

येथे कोणी असा आक्षेप घेईल, की प्रेमाच्या घरात न्यायाची भाषा आणणे म्हणजे देवघरात वकील बोलावणे होय. हा आक्षेप थोर पुरुषांनीही घेतला आहे. डेव्हिड ह्यूमने १७५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतितत्त्वविषयक ग्रंथात असे प्रतिपादिले, की जेथे परस्परांविषयीचा सद्भाव पूर्ण असतो तेथे न्यायाचे प्रयोजनच संपते. आणि या अवस्थेच्या जवळ जाणारे उदाहरण म्हणून त्याने कुटुंबाकडेच बोट दाखविले. विचार मनोहर आहे. परंतु दोन मुलांच्या आईला तो फारसा उपयोगी पडत नाही. तिचे प्रेम दोघांवरही आहे, हीच तर अडचण आहे. एकावर प्रेम असेल तर काय करावे हे प्रेम सांगते. दोघांवर सारखेच असेल आणि संध्याकाळ एकच असेल, तर प्रेम नुसते कासावीस होते. शिवाय प्रेमाला हिशेबाची सवय नाही. ते जो अधिक गोड बोलतो, अधिक आजारी पडतो किंवा परीक्षेत अधिक गुण मिळवितो, त्याच्याकडे नकळत झुकते. उजवेडावे करण्याची इच्छा नसतानाही घरोघरी उजवेडावे होते ते यामुळेच. तेव्हा प्रेम आहे म्हणून न्याय नको असे म्हणण्याऐवजी, प्रेम आहे म्हणूनच न्यायाची आठवण ठेवली पाहिजे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल.

आपल्या शास्त्रकारांनाही हा प्रश्न परका नव्हता. थोरल्या मुलाला वडिलार्जित धनातून अधिक भाग द्यावा अशी वचने स्मृतिग्रंथांत आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यातला पंडित. त्याने ही वचने नाकारली नाहीत. परंतु अशी विषम वाटणी लोकांना अप्रिय झालेली आहे, लोकविद्विष्ट आहे, म्हणून ती आचरू नये असा निर्णय त्याने दिला. नऊशे वर्षांपूर्वीच्या एका शास्त्र्याने पंगतीत बसलेल्यांची नापसंती वचनाहून वजनदार मानावी, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मुली मात्र त्या पंगतीच्या बाहेरच राहिल्या. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः मुलासारखा हक्क देणारा कायदा महाराष्ट्रात १९९४ साली झाला आणि सर्व देशासाठी २००५ साली. म्हणजे ‘हे बरोबर नाही’ हे वाक्य बोलले गेल्यापासून ऐकले जाईपर्यंत किती काळ जातो याला काही सीमा नाही. घरात ते निदान त्याच दिवशी ऐकले जावे, एवढी अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

परंतु मुलाची तक्रार ऐकणे हा निम्माच भाग झाला. उरलेला निम्मा अधिक कठीण आहे. २०१५ साली भारत, अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, पेरू, सेनेगल आणि युगांडा या सात देशांतील ४ ते १५ वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांची माहिती ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. दोन मुलांपुढे खाऊची वाटणी ठेवावयाची. एकाने ती मान्य करावी किंवा मोडून टाकावी. मोडली तर दोघांनाही काही नाही. स्वतःला कमी मिळत असेल तर वाटणी मोडण्याची प्रवृत्ती सातही देशांत आढळली. स्वतःला अधिक मिळत असतानाही ती मोडण्याची प्रवृत्ती मात्र तीनच देशांत, थोड्या मोठ्या मुलांत, दिसून आली. भारत त्या तिहींत नव्हता. यावरून आपली मुले कमी नीतिमान असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. मोठ्यांनी पुढे केलेले नाकारू नये, हेही आपण मुलांना शिकवितोच. परंतु एवढे मात्र म्हणता येते, की ‘मला कमी मिळाले’ ही जाणीव जणू बाळाच्या दातांसारखी आपोआप फुटते. ‘मला अधिक मिळाले, हे बरोबर नाही’ ही जाणीव भोवतालच्या माणसांकडून यावी लागते.

ती कोणाकडून यावी? येथे आपणांस पंगतीत न बसलेल्या व्यक्तीकडे पाहणे भाग आहे. आंबा कापला की फोडी मुलांना, आणि कोय आईला. ‘मला कोयच आवडते’ असे ती म्हणते, आणि सारे घर त्यावर विश्वास ठेवते, कारण तो ठेवणे सोयीचे असते. हाच प्रकार झोपेचा, सुटीच्या दिवसाचा आणि आजारपणाचा. २०१९ सालच्या भारत सरकारच्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो आणि पुरुषांचा ९७ मिनिटे, असे आढळले. त्यातही असे काम करणाऱ्या स्त्रिया शेकडा ८१ आणि पुरुष शेकडा २६ एवढेच. भावाबहिणीत पेढा मापून देणाऱ्या घरात हे अंतर कोणी मापत नाही. मुले मात्र ते पाहतात. न्याय हा आपसात भांडणाऱ्या समवयस्कांचा विषय आहे आणि वाढणाऱ्याला तो लागू नाही, असे त्यातून ती शिकतात. जॉन स्टुअर्ट मिलने १८६९ साली स्त्रियांच्या पारतंत्र्यावर लिहिताना कुटुंब हे अरेरावीची शाळा होते, आणि न्यायाच्या पायावर उभारले तर तेच स्वातंत्र्याच्या सद्गुणांची शाळा होईल, असे बजावले होते. आपल्या घरात अरेरावी नसेलही. परंतु शाळा तेथे रोज भरते, यात संशय नाही.

आता करावयाचे काय? धावपळीच्या संसारात रोजच्या रोज समान वाटणी होणे शक्य नाही, आणि ती करू पाहणाऱ्याची त्रेधा उडेल. घरातला न्याय एका संध्याकाळीत दिसत नसतो. तो महिन्यांच्या आणि वर्षांच्या हिशेबात दिसतो. परंतु हिशेब लांबणीवर टाकावयाचा तर तो कोणीतरी लक्षात ठेवला पाहिजे. म्हणून कमी पडलेल्या मुलाला दोन गोष्टी मिळाल्या पाहिजेत : कारण आणि परतफेड. ‘आज तिला ताप आहे म्हणून मी येऊ शकले नाही’ हे कारण. ‘रविवारी तुझ्या नाटकातली सारी भाषणे मला म्हणून दाखव’ ही परतफेड. आणि रविवार उजाडल्यावर ते वचन मुलाने आठवण करून देण्यापूर्वी पाळणे, हा या सर्वांतला कळीचा भाग. ‘समजूतदार’ म्हणून ज्याचे कौतुक केले, त्याचा हिशेब तर अधिकच जपून ठेवावयास हवा, कारण तो स्वतः मागावयास येणार नाही.

आणि मुलांच्या हातीही कधी वाढणी द्यावी. एकाने कापावे आणि दुसऱ्याने आधी उचलावे, ही युक्ती मुलांना चटकन् कळते. कापणाऱ्याचा हात त्या दिवशी विलक्षण अचूक चालतो. त्याच्या पुढची पायरी म्हणजे सर्वांना वाढून शेवटी बसणे. भांड्यात उरलेले पाहूनच वाढणाऱ्याला आपले पान वाढावे लागते, हे ज्या मुलाने एकदा अनुभवले, ते पुढच्या वेळी तिसरी पोळी मागताना एकदा तरी डब्यात डोकावून पाहते. मुलगा आणि मुलगी दोघांनीही हे करावे, आणि बापाने तर अवश्य करावे.

इतके केले तरी तक्रारी थांबणार नाहीत. खिडकीच्या जागेवरून, पहिल्या आंघोळीवरून आणि मोबाइलच्या पाच मिनिटांवरून भांडणे होतीलच. ती झाली म्हणून संसार फसला असे मानण्याचे कारण नाही. ज्या घरात मूल ‘हे बरोबर नाही’ असे न भिता म्हणू शकते, त्या घरावर त्याचा अजून विश्वास आहे. तेथे विचारले तर उत्तर मिळेल अशी त्याची खात्री आहे. चिंता करावयाची ती त्याने विचारणे सोडल्यावर. आणि एखाद्या उन्हाळ्यात आंब्याच्या फोडी वाटल्या जात असता त्याच मुलाने आपली फोड उचलून आईच्या ताटलीत ठेवली आणि कोय आपल्याकडे ओढून घेतली, तर त्या घराने आपले काम पुष्कळसे पार पाडले असे समजण्यास हरकत नाही.