प्रीसेट तीन

गावच्या विठ्ठलमंदिरातलं सप्ताहाचं कीर्तन परगावच्यांना दिसावं म्हणून मी दोन पीटीझेड कॅमेरे बसवले. वीज, चित्र, हुकूम सगळं एकाच केबलमधून. प्रीसेट एक गाभारा, दोन कीर्तनकार, तीन श्रोते.

दुसऱ्या रात्री पुण्यातून कॅमेरा फिरवताना खांबाशी एक आजी रडताना दिसल्या. झूम २० पटींचा. बोट आपसूक पुढे गेलं. चित्र सुरेख होतं, म्हणूनच लाज वाटली. शेजारच्यालाही त्या दिसत होत्याच, पण त्याचं बघणं त्यांना दिसत होतं. माझं नाही. देव बघतो हे त्यांनी मानलेलं. माझ्याबद्दल त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

प्रीसेट तीन मी पुसला. श्रोते आता मागच्या कॅमेऱ्यातून, पाठमोरे. विश्वस्त कुरकुरतात : अमेरिकेतल्या लेकीला कीर्तन नाही, आई बघायची असते.